कोलोनोस्कोपीपूर्वी पोट साफ करायची औषधं: कोणतं, किती, केव्हा?

दुर्बीणवाला (धागाकर्ता)

कोलोनोस्कोपीच्या (दुर्बिणीने मोठं आतडं तपासण्याच्या) तयारीबद्दल वेगवेगळ्या धाग्यांवर तुकड्यातुकड्याने बरंच विचारलं जातं. चार लिटरचं घ्यावं की दोनचं, छोट्या पुड्या चालतात का, गोळ्यांनी काम भागतं का. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. इथे औषधं, नर्सिंग, आहार आणि किडनी या विषयांतली जाणकार मंडळी आहेत, त्यांनी भर घालावी.

माझं मत आधीच सांगतो. औषध कोणतं, यापेक्षा ते कधी प्यायलं यानं जास्त फरक पडतो. सगळं औषध आदल्या संध्याकाळी पिऊन झोपलं तर पोट रात्री साफ होतं, पण सकाळपर्यंत तसं राहत नाही. लहान आतड्यातून पित्त मिसळलेला रस रात्रभर मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, म्हणजे सीकममध्ये आणि उजव्या बाजूला उतरत राहतो. तिथे पिवळट, चिकट थर बसतो. सपाट सेरेटेड (करवतीसारख्या कडांचे) पॉलिप, म्हणजे अस्तरावरच्या गाठी, नेमके याच बाजूला जास्त सापडतात. त्यांचा रंग आजूबाजूच्या अस्तरासारखाच असतो आणि त्यांच्यावर बऱ्याचदा स्वतःचीच शेंबडासारखी टोपी असते. थर असला की ते दिसत नाहीत. पेशंट म्हणतो, "मला तर अगदी पाण्यासारखं झालं होतं." ते खरं असतं, पण ते रात्रीचं खरं.

म्हणून अर्धा डोस आदल्या संध्याकाळी आणि उरलेला अर्धा तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करून किमान २ तास आधी संपवायचा. याला स्प्लिट डोस म्हणतात. अमेरिका आणि युरोप, दोन्हीकडच्या तज्ज्ञ संघटनांच्या शिफारशी आज याच पद्धतीच्या बाजूने आहेत.

औषधांची घराणी ढोबळपणे अशी:

– पेग (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) आणि क्षार, ४ लिटर
– पेग आणि अ‍ॅस्कॉर्बेट, २ लिटर. याचाच १ लिटरचा नवा अवतारही आहे
– सोडियम पिकोसल्फेट आणि मॅग्नेशियम सायट्रेट, दोन छोट्या पुड्या
– सल्फेट क्षारांचं द्रावण, दोन बाटल्या. हेच गोळ्यांच्या रूपातही
– सोडियम फॉस्फेट आणि मॅनिटॉल; दोन्ही आज मागे पडलेली, कारणं खाली येतीलच

तपासणारा डॉक्टर तयारीला गुण देतो. बोस्टन पद्धतीत मोठ्या आतड्याचे उजवा, मधला आणि डावा असे तीन भाग धरतात. प्रत्येकाला ० ते ३, एकूण ९. प्रत्येक भागाला किमान २ मिळाले तर तयारी पुरेशी मानतात. एकूण ६ असून उजव्या भागाला ० असेल तर ती तयारी नापास. मग तपासणी वर्षभराच्या आत पुन्हा करायला सांगतात आणि सगळं नव्याने प्यावं लागतं.

औषधपेटी

चांगला धागा. आत काय असतं तिथून सुरू करते, बाकीचं त्यावरून उलगडतं.

मूळ ४ लिटरच्या पेगमध्ये (१९८० च्या सुमारास आलेलं हे सूत्र) पेग ३३५० हे २३६ ग्रॅम, सोडियम सल्फेट २२.७४ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट ६.७४ ग्रॅम, साधं मीठ ५.८६ ग्रॅम आणि पोटॅशियम क्लोराइड २.९७ ग्रॅम असतं. पेगचा रेणू इतका मोठा की आतड्यातून तो शोषला जात नाही, आणि आतड्यातले जीवाणूही त्याला आंबवत नाहीत. क्षारांचं प्रमाण असं जुळवलेलं असतं की पाणी शरीरातून आतड्यात ओढलं जात नाही आणि आतड्यातून शरीरातही जात नाही. जेवढं प्यायलं जवळजवळ तेवढंच खालून बाहेर. ही खरी धुलाई. शरीराचा क्षार-पाण्याचा तोल सगळ्यांत कमी ढळतो तो याच औषधाने.

चव मात्र वाईट. सोडियम सल्फेटमुळे खारट आणि नासक्या अंड्यासारखा वास. पुढे सल्फेट वगळलेलं सूत्र आलं, त्यात पेग ४२० ग्रॅम. चव थोडी सुसह्य, पाणी तेवढंच.

यात साखर, मध किंवा गोड सरबत घालू नये. साखरेबरोबर सोडियम आणि पाणी शोषलं जातं, म्हणजे जुळवलेला तोल मोडतो. कंपनीने पाकिटात स्वादाची वेगळी पुडी दिली असेल तर तेवढीच घालावी.

बाकीची औषधं उलट्या तत्त्वावर चालतात. पिकोसल्फेट-मॅग्नेशियम आणि सल्फेट ही घट्ट द्रावणं, ती शरीरातलं पाणी आतड्यात ओढतात. औषध १५० मि.ली. दिसतं, पण त्यावर प्यायचं पाणी हाही औषधाचाच भाग. "कमी प्यायचं औषध" म्हणून ते घ्यायचं आणि वरचं पाणी टाळायचं, यातूनच बहुतेक चक्कर येण्याचे आणि अपुऱ्या तयारीचे प्रकार होतात.

काठावरचा

२ लिटरवाली औषधं खरंच ४ लिटरइतकी साफ करतात का? की लोकांनी प्यावं म्हणून केलेली तडजोड आहे ती?

दुर्बीणवाला

@काठावरचा, स्प्लिट डोसमध्ये घेतली तर ज्यांना बद्धकोष्ठ किंवा दुसरं काही कारण नाही अशांत २ लिटर पुरतात. आता शिफारशीही तशाच आहेत. ४ लिटर कागदावर जास्त ताकदवान, पण त्यातले तीनच पोटात गेले आणि एक बेसिनमध्ये, तर त्या ताकदीचा काय उपयोग? पूर्ण प्यायलेले २ लिटर अर्धवट ४ लिटरपेक्षा केव्हाही बरे.

अ‍ॅस्कॉर्बेट, म्हणजे क जीवनसत्त्वाचा क्षार, एका मर्यादेपलीकडे शोषला जात नाही. उरलेलं आतड्यातच राहून पाणी धरून ठेवतं, म्हणून पेगचं पाणी निम्म्यावर आणता येतं. प्यायची पद्धत: १ लिटर द्रावण, दर १५ मिनिटांनी २४० मि.ली., म्हणजे तासाभरात संपतं. त्यावर साधारण अर्धा लिटर स्वच्छ द्रव. दुसऱ्या डोसला पुन्हा तेवढंच. म्हणजे पोटात एकूण ३ लिटर जातात. "दोन लिटरचं औषध" ऐकून दोनच लिटर तयारी ठेवणारे इथे फसतात.

१ लिटरवाल्यात दोन डोस, प्रत्येकी ५०० मि.ली. आणि प्रत्येकावर किमान ५०० मि.ली. द्रव. दुसऱ्या डोसमध्ये अ‍ॅस्कॉर्बेट बरंच असतं, आंबट-खारट चव जिभेवर जोरात बसते. हळू प्यावं, घाईत उलटी होते.

औषधपेटी

अ‍ॅस्कॉर्बेटवाल्यांत दोन गोष्टी आधी विचारायच्याच: जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता आहे का (लाल पेशी फुटू शकतात) आणि फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार आहे का (बऱ्याच पाकिटांत गोडीसाठी अ‍ॅस्पार्टेम असतं). यांपैकी काही ज्यांना आहे त्यांनी न विचारताच सांगावं.

सकाळपाळी

मिसळण्या-पिण्याबद्दल लिहिते, कारण फोनवर सगळ्यांत जास्त प्रश्न याचेच येतात.

पेगची पावडर कोमट पाण्यात लवकर विरघळते आणि प्यायला गार लागते. म्हणून दुपारीच मिसळून फ्रिजमध्ये ठेवावं. भांड्यावरच्या खुणेपर्यंतच पाणी. अंदाजाने कमी पाणी घातलं तर द्रावण घट्ट होतं आणि मळमळ वाढते. मिसळलेलं किती तास टिकतं ते प्रत्येक पाकिटावर वेगळं असतं, ते वाचावं. बर्फाचे खडे त्यात टाकू नयेत. वितळले की प्रमाण बदलतं. ग्लास बाहेरून गार करावा.

४ लिटरच्या पेगचा वेग: दर १० मिनिटांनी २४० मि.ली. घोटाघोटाने तासभर चघळण्यापेक्षा ग्लास एका दमात, मग थांबणं, हे बहुतेकांना जमतं. जिभेवरून द्रव जितका कमी फिरेल तितकं बरं, म्हणून स्ट्रॉ जिभेच्या मागच्या बाजूला धरून प्यावं. मधल्या वेळात लिंबाची फोड चोखली तर चालते.

पहिली शौच साधारण तासाभरात होते. त्याआधी पोट फुगल्यासारखं, गच्च वाटतं. याच टप्प्यावर लोक घाबरून थांबतात. बसून न राहता घरात फिरावं. एकदा सुरू झालं की फुगणं उतरतं.

मळमळली तर अर्धा तास थांबायचं आणि मग निम्म्या वेगाने पुन्हा सुरू. उलटी झाली तर किती वेळाने झाली ते पाहा. ग्लास गेल्या गेल्या उलटी झाली तर तो ग्लास मोजू नका. मळमळीची गोळी पहिल्या ग्लासाच्या आधी घेतली तर उपयोग होतो, नंतर घेतलेली बहुतेकदा बाहेर येते. पण गोळी डॉक्टरांनी लिहून दिलेलीच.

उलट्या थांबतच नसतील, पोट फुगून कडक झालं आहे आणि खालून काहीच होत नाही, पोटात सतत वाढत जाणारी कळ, चक्कर येऊन पडणं, बोलण्यात गोंधळ, किंवा उलटीतून वा शौचावाटे रक्त: औषध थांबवायचं आणि लगेच दवाखान्यात. फोन करून वाट पाहत बसायचं नाही.

निशिगंध

पिकोसल्फेटची पुडी पाण्यात टाकल्यावर ग्लास गरम होतो. खराब झालेली असते का?

औषधपेटी

@निशिगंध, नाही, ती तशीच वागायला हवी. पुडीत १० मिलिग्रॅम सोडियम पिकोसल्फेट, ३.५ ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड आणि १२ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड असतं. पाण्यात ऑक्साइड आणि अ‍ॅसिड यांची क्रिया होऊन मॅग्नेशियम सायट्रेट तयार होतं आणि उष्णता बाहेर पडते. १५० मि.ली. थंड पाणी, २-३ मिनिटं ढवळायचं, ग्लास गरम झाला तर निवू द्यायचा, मग लगेच प्यायचं. द्रावण किंचित गढूळच दिसतं.

त्यावर स्वच्छ द्रव. पहिल्या पुडीनंतर २४० मि.ली.चे पाच ग्लास, दुसरीनंतर तीन-चार. आणि इथे सगळ्यांत मोठी चूक: हे सगळे ग्लास साध्या पाण्याचे पिणं. जुलाबांतून सोडियम जातं, वरून नुसतं पाणी येतं, आणि रक्तातलं सोडियम घसरतं. डोकं दुखणं, गोंधळणं, फार घसरलं तर फिट येणं. वयस्कर माणसं, शरीर लहान असलेल्या स्त्रिया, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा काही नैराश्याच्या गोळ्या घेणारे यांच्यात हा धोका जास्त. म्हणून निम्मे ग्लास तरी क्षार असलेल्या द्रवाचे, म्हणजे ओआरएस किंवा मीठ घातलेलं, गाळलेलं सूप.

आणखी एक, जे फारसं सांगितलं जात नाही. पिकोसल्फेट स्वतः काही करत नाही. मोठ्या आतड्यातले जीवाणू त्याचं रूपांतर करतात तेव्हा ते आतडं हलवतं. नुकताच अँटिबायोटिकचा कोर्स झाला असेल तर परिणाम कमी पडू शकतो. शिवाय यातलं मॅग्नेशियम लोहाच्या गोळ्या, टेट्रासायक्लिन आणि फ्लोरोक्विनोलोन गटाच्या गोळ्या आणि डिगॉक्सिनला बांधून ठेवतं. त्या किमान २ तास आधी घ्याव्यात, किंवा ६ तासांनंतर.

ताटवाटी

आहाराबद्दल. पूर्वी तीन-तीन दिवस पथ्य आणि आदला अख्खा दिवस नुसतं पाणी, असं सांगत. आता ज्यांना काही खास अडचण नाही त्यांना फक्त आदला दिवस पुरतो, आणि त्या दिवशीही सकाळी आणि दुपारी कमी चोथ्याचं जेवण चालतं: पांढरा भात, पांढरा ब्रेड, अंडं, साल काढलेला उकडलेला बटाटा, मासा किंवा चिकन, साधं दही. उपाशी पोटी ४ लिटर पिण्यापेक्षा दुपारी थोडं खाल्लेला माणूस औषध जास्त नीट पूर्ण करतो, आणि सफाईत त्याने फरक पडत नाही. संध्याकाळच्या डोसच्या आधी मात्र खाणं बंद.

बिया, साली, सुकामेवा, मका, अख्खी धान्यं, पालेभाज्या वर्ज्य. हे "पचायला जड" म्हणून नव्हे. दुर्बिणीची ओढनळी साधारण ३.७ मि.मी. रुंद असते. उरलेलं पाणी त्यातून खेचता येतं, पण टोमॅटोची साल किंवा बी तिच्या तोंडात अडकली की खेचणं बंद पडतं. मग नळी बाहेर काढून साफ करा, पुन्हा आत घाला. आतडं पाण्याने धुता येतं, बिया नाही. म्हणून जेवणातल्या बियांबाबत दोन-तीन दिवस आधीपासून जपलं तर आणखी बरं.

स्वच्छ द्रव म्हणजे ज्याच्या आरपार छापलेली अक्षरं वाचता येतील असा. गाळलेला सफरचंदाचा रस, दूध न घातलेला चहा किंवा कॉफी, गाळलेलं सूप, लिंबूपाणी. दूध नाही, गर असलेला रस नाही. लाल आणि जांभळं काही नाही. आतड्यात ते रक्तासारखं दिसतं.

रानवारा

नेहमीच्या औषधांचं काय? लोह, मधुमेह, रक्त पातळ करणारी.

औषधपेटी

@रानवारा, यातलं काहीही स्वतःच्या मनाने बंद करू नये. तारीख ठरतानाच औषधांची पूर्ण यादी दाखवावी, आदल्या दिवशी नव्हे, कारण काहींचा निर्णय आठवडाभर आधी लागतो.

लोहाच्या गोळ्या साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात. लोहामुळे मळ काळा आणि डांबरासारखा चिकट होतो, आणि धुतलं तरी अस्तराला लागून राहतो.

मधुमेहात एसजीएलटी-२ गटातल्या गोळ्या (नावाच्या शेवटी "फ्लोझिन" येतं) साधारण ३ दिवस आधी थांबवायला सांगतात, अर्टुग्लिफ्लोझिन ४ दिवस. उपाशीपण आणि पाणी कमी होणं या गोळ्यांच्या जोडीला आलं की साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचून कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. साखर ठीक दिसते म्हणून लक्षात येत नाही, हाच त्याचा खोडसाळपणा. इन्सुलिन आणि बाकीच्या गोळ्यांचे डोस त्या दिवसासाठी कमी करून लिहून घ्यावेत, तोंडी नको. अशांनी सकाळची वेळ मागावी, आणि साखर उतरली तर लाल नसलेलं गोड स्वच्छ पेय हाताशी ठेवावं.

वजन किंवा साखरेसाठीची जीएलपी-१ इंजेक्शनं (सेमाग्लुटाइड वगैरे) पोट रिकामं व्हायला वेळ लावतात. औषध पोटात साचतं, मळमळ वाढते, भुलीच्या वेळी पोटात द्रव उरण्याचा धोका राहतो. घेत असल्याचं भूलतज्ज्ञाला सांगायलाच हवं.

रक्त पातळ करणारी: अ‍ॅस्पिरिन बहुतेकदा चालू ठेवतात. बाकीच्यांचा निर्णय हृदयाचा डॉक्टर आणि तपासणी करणारा डॉक्टर मिळून घेतात. स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळी) असलेल्याने स्वतःहून गोळी थांबवणं हे पॉलिपमधून रक्त येण्यापेक्षा कितीतरी घातक.

आणि ज्या गोळ्या चालू ठेवायच्या त्या, विशेषतः फिटच्या, डोस सुरू करायच्या तासाभराच्या आत घेतल्या तर न शोषता वाहून जाऊ शकतात. त्यापूर्वी घ्याव्यात. गर्भनिरोधक गोळीलाही हेच लागू.

गाळणी

किडनीबद्दल लिहिलं नाही तर हा धागा अपुरा राहील.

सोडियम फॉस्फेट एकेकाळी फार लोकप्रिय होतं, कारण प्यायला थोडं आणि सफाई उत्तम. पण काहींच्या किडनीच्या नलिकांत कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक बसले. काहींना नुकसान कायमचं झालं, डायलिसिसपर्यंत वेळ आली, आणि त्यांतल्या काहींची किडनी आधी पूर्ण ठीक होती. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) त्याच्या गोळ्यांवर सगळ्यांत कडक, चौकटीतला इशारा घातला. कुणाच्या कपाटात जुनी बाटली असेल तर ती तयारीसाठी वापरू नये. एनिमाच्या (गुदद्वारातून देतात ते द्रावण) रूपातही वयस्कर आणि किडनीच्या पेशंटने जपावं.

किडनीचं काम बरंच कमी असेल (क्रिएटिनिन क्लिअरन्स ३० च्या खाली) तर पिकोसल्फेट-मॅग्नेशियमही नको. मॅग्नेशियम बाहेर टाकायचं काम किडनीचं. ते साचलं तर स्नायू ढिले पडतात, हृदयाचे ठोके मंदावतात. सल्फेटची द्रावणंही टाळलेली बरी. अशांसाठी क्षारयुक्त पेगच. हृदयाचं काम कमी असणाऱ्यांसाठी आणि लिव्हरमुळे पोटात पाणी झालेल्यांसाठीही पहिली पसंती तीच, पण त्यांच्यात वेग आणि देखरेख डॉक्टर ठरवेल.

किडनी ठीक असली तरी बीपीच्या "प्रिल" आणि "सार्टन" गोळ्या, लघवीच्या गोळ्या आणि वेदनाशामकं हे तिघं जुलाबाच्या दिवशी एकत्र आले की किडनीवर ताण येतो. त्या दिवसापुरतं काय थांबवायचं ते विचारून घ्यावं.

काठावरचा

सल्फेट आणि गोळ्यांबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. आणि मॅनिटॉल का मागे पडलं?

दुर्बीणवाला

सल्फेट: १७.५ ग्रॅम सोडियम, ३.१३ ग्रॅम पोटॅशियम आणि १.६ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेटची छोटी बाटली. ती तशीच तोंडाला लावायची नाही, सोबतच्या पेल्यात खुणेपर्यंत पाणी घालून सुमारे ४८० मि.ली. करायचं. त्यानंतरच्या तासाभरात तेवढेच आणखी दोन पेले पाणी. दुसऱ्या बाटलीला पुन्हा हेच. सफाई उत्तम होते. मीठ जिभेवर फार येतं. गाउट (सांधे सुजण्याचा आजार) असलेल्यांत यूरिक अ‍ॅसिड तात्पुरतं वाढू शकतं.

गोळ्या म्हणजे हेच सल्फेट थोड्या फरकाने: एकूण २४, एका वेळी १२, साधारण १५-२० मिनिटांत ४८० मि.ली. पाण्याबरोबर. मग तासाने ४८० मि.ली., आणि ते संपल्यावर अर्ध्या तासाने आणखी ४८०. चवीचा प्रश्न मिटतो, पाण्याचा नाही. गोळ्या एकदम घशात टाकल्या तर पोट दुखतं. गिळायला त्रास होणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये.

मॅनिटॉल ही साखरेच्या जातीतली गोष्ट. आतड्यातले जीवाणू ती आंबवतात, हायड्रोजन आणि मिथेन तयार होतो. पॉलिप कापताना विजेची तार वापरतात. ठिणगी आणि वायू एकत्र आले की आतड्यात स्फोट होऊ शकतो. असा मृत्यू १९७९ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला. लॅक्टुलोजही याच कारणाने तयारीसाठी टाळतात. बद्धकोष्ठासाठी ते घरात असतं आणि "तेच जास्त घेतो" असं वाटू शकतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

बद्धकोष्ठाच्या साध्या पेग पावडरबद्दलही विचारलं जातं. त्यात क्षार नसतात. ती खेळाडूंच्या पेयात मिसळून तयारीला वापरायची पद्धत काही देशांत आहे, पण त्या पेयातलं मीठ फार थोडं, आणि सोडियम घसरण्याचा धोका राहतो. वयस्कर किंवा औषधांवर असलेल्यांना मी ते सुचवणार नाही.

अवांतर: क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या (आतड्याला सूज येणारे जुनाट आजार) शंकेने तपासणी असेल तर पेगच बरं. फॉस्फेट आणि पिकोसल्फेटने अस्तरावर बारीक जखमा उमटू शकतात, आणि त्या आजाराच्या आहेत की औषधाच्या हे बायोप्सी करूनही कळणं अवघड जातं.

निशिगंध

सकाळी सातची वेळ असेल तर दुसरा डोस रात्री दोनला उठून घ्यायचा का? आणि दुपारची असेल तर?

सकाळपाळी

@निशिगंध, हो, उठायचं. घड्याळ उलटं मोजा: सातला तपासणी, म्हणजे पाचला पिणं पूर्ण बंद, म्हणजे दुसरा डोस २ ते ३ च्या दरम्यान सुरू. कठीण आहे, म्हणूनच शक्य असेल तर सकाळी नऊ-दहाची वेळ मागा. दोन डोसांमध्ये झोपेसाठी चार-पाच तास मिळावेत म्हणून संध्याकाळचा डोस सहाच्या सुमारास सुरू करा.

दुपारच्या तपासणीला सगळं औषध त्याच दिवशी सकाळी घेतलं तरी चालतं, रात्रीची झोप मोडत नाही. पण मग सकाळी सहाला सुरू करून एका बैठकीत पूर्ण करायची तयारी हवी, आणि दवाखाना लांब असेल तर प्रवासाचं गणित आधी जमवायला हवं.

शेवटच्या २ तासांत पाण्याचा घोटही नाही. हा नियम भुलीसाठी आहे. पोटातलं फुप्फुसात जाऊ नये म्हणून. च्युइंगम आणि गोळ्या-चॉकलेटंही नाहीत.

रानवारा

आधीच बद्धकोष्ठ असेल तर हेच सगळं, की वेगळं?

दुर्बीणवाला

@रानवारा, वेगळं. जुनं बद्धकोष्ठ, अफूगटातली वेदनाशामकं, बराच काळचा मधुमेह, पार्किन्सन्स, आतड्याचं आधीचं ऑपरेशन, किंवा मागच्या वेळी तयारी नापास झालेली: यांपैकी काही असेल तर साधी पद्धत अपुरी पडण्याची शक्यता मोठी. अशांना पथ्य दोन-तीन दिवस, आधीचे काही दिवस रोजचं सौम्य रेचक सुरू ठेवून मळ मऊ करून घेणं, आदल्या दुपारी बिसाकोडिल (आतडं हलवणारी रेचक गोळी) ५ ते १० मिलिग्रॅम, आणि पेग पूर्ण ४ लिटर, अर्थात स्प्लिटमध्येच. बिसाकोडिल स्वतःच्या मनाने वाढवू नये. मोठ्या डोसने आतड्याचा रक्तपुरवठा अडून इस्केमिक कोलायटिस झाल्याच्या नोंदी आहेत.

आतड्यात अडथळा असल्याची शंका असेल (पोट फुगलंय, वायूही सरत नाही) तर यातलं कोणतंही औषध द्यायचं नाही.

सिमेथिकोनबद्दल: ते सफाई करत नाही, फेस मोडतो. साबणासारखे बुडबुडे अस्तरावर राहिले की पाहायला अडथळा होतो. डॉक्टरांनी लिहिलं असेल तर दुसऱ्या डोसबरोबर घ्यावं.

औषधपेटी

एक राहिलंच. गिळायला त्रास म्हणून ज्यांचं पाणी पावडर घालून घट्ट करून देतात, त्यांच्या बाबतीत: पेगमध्ये स्टार्चची पावडर घातली तर मिश्रण घट्ट न राहता पातळ होतं. द्रव घट्ट आहे असं समजून दिला जातो आणि तो श्वासनलिकेत जातो. अशा पेशंटची तयारी घरी करायचीच नाही, दवाखान्यात दाखल होऊन.

सकाळपाळी

दोन गोष्टी सांगते.

त्वचा. पहिल्या डोसच्या आधीच गुदद्वाराभोवती पेट्रोलियम जेली किंवा झिंक ऑक्साइडचं मलम लावावं, भगभग सुरू झाल्यावर नव्हे. कोरडा कागद घासायचा नाही. पाण्याने धुवून मऊ कापडाने टिपायचं, पुन्हा मलम. मूळव्याध असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं.

रंग. घट्ट तपकिरी, मग तुकड्यांसह तपकिरी पाणी, मग गढूळ नारिंगी, मग लघवीसारखं पिवळं आरपार पाणी. पिवळेपणा पित्ताचा असतो आणि तो राहणारच, पांढरं होण्याची वाट पाहू नका. थोडे शेवाळासारखे कण असले तर चालतं.

दुसरा डोस पूर्ण संपून तास-दीड तास झाला तरी तपकिरी आणि अपारदर्शक असेल तर थेट दवाखान्यात येऊन टेबलावर पडू नका, निघायच्या आधी फोन करा. फोनवर नेमकं इतकं सांगा: कोणतं औषध, दोन्ही डोस किती वाजता सुरू आणि किती वाजता संपले, किती मि.ली. उरलं किंवा उलटीत गेलं, शेवटच्या शौचाचा रंग, त्यात घट्ट काही होतं का, आणि शेवटचा घोट कधी घेतला. एवढ्यावरून तिथल्या नर्सला ठरवता येतं की आणखी थोडं पेग देऊन तपासणी दुपारवर ढकलायची, आल्यावर एनिमा द्यायचा, की दुसऱ्या दिवशी घ्यायची. एनिमा फक्त डावी बाजू धुतो, उजवीपर्यंत पोचत नाही, म्हणून तपकिरी पाणी असताना नुसता एनिमा मागून उपयोग होत नाही. दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली तर दरम्यान खायला सुरुवात करू नका, स्वच्छ द्रवावरच राहा, म्हणजे झालेली निम्मी सफाई वाया जात नाही. मधुमेही आणि वयस्करांनी त्या दिवसाच्या औषधांचं काय करायचं हेही त्याच फोनवर विचारून घ्या.